जिन्याच्या भिंतीवरचा पाणीखाऊ

ही गोष्ट दोन हजार चार सालची. त्या वर्षी मला विकत घेतलं, आणि घेतानाच दुकानात भांडण झालं. तेव्हापासून माझ्या कानावर गोड शब्द फारसा पडलेला नाही. म्हणून मित्रांनो, माझ्या बोलण्यात कडवटपणा आला तर सोसून घ्या.

मी एक जुना जलशुद्धी संच आहे. पत्र्याच्या पट्टीवर शेजारी शेजारी बसवलेले तीन डबे आणि त्यांच्या डोक्यावर आडवी नळी, असं माझं रूप. पहिल्या डब्यात सुताची गुंडाळी, ती गाळ अडवते. दुसऱ्यात कोळसा. आडव्या नळीत एक बारीक पडदा गुंडाळून बसवलेला आहे, तो पाण्यात विरघळलेले क्षार मागे ठेवतो. शेवटच्या डब्यात निळे दाणे, उरलंसुरलं टिपून घ्यायला. माझ्यातून दोन नळ्या बाहेर पडतात. एकीतून स्वच्छ पाणी थेंबथेंब येतं, दुसरीतून क्षारांचं पाणी वाहून जातं. एक बादली चांगली हवी असेल तर तीन-चार बादल्या मोरीत. माझं हे वागणं कुणालाच आवडलं नाही.

मला नेलं त्या घरात खाली लाँड्री होती आणि वर दोन खोल्या. लाँड्री वहिनींची. वर पुढच्या खोलीत त्यांचा धाकटा दीर कवळ्या बनवायचा. डॉक्टर लोक जबड्यांची मापं पाठवत, हा दात पाठवत असे. मागच्या खोलीत त्याची आई. वहिनींचा नवरा, म्हणजे आईचा थोरला, आदल्या वर्षी वारला होता. त्याच्या आजारपणात कोणी काय केलं आणि काय केलं नाही, यावरून वहिनी आणि दीर यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं.

थोरल्याच्या मागे काचेची एक मोठी टाकी उरली होती. खाऱ्या पाण्याची, आत जिवंत पोवळी. त्यातलं एक हिरवं, वळ्यावळ्यांचं, मेंदूसारखं. आई त्याला अक्रोड म्हणायच्या. थोरल्याने ते अंगठ्याएवढं आणलं होतं आणि ओंजळीएवढं केलं होतं. वहिनी म्हणत टाकी माझ्या नवऱ्याची, दीर म्हणे माझ्या दादाची; म्हणून ती दोघांनाही न देता आईंच्या खोलीत ठेवलेली. थोरला लाँड्रीची गाडी चालवायचा आणि टाकीतलं पाणी आटून मीठ मागे राहायचं म्हणून, भर घालायला शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याच्या दुकानातून शुद्ध पाण्याचे डबे भरून आणायचा. तो गेला, गाडी विकली, आणि पाण्याचा प्रश्न उभा राहिला. नळाचं पाणी घातलं की काचेवर तपकिरी शेवाळ चढायचं आणि अक्रोड आक्रसून बसायचा.

त्यासाठी तिघं दुकानात आली. मी फळीवरून बघत होतो.

"आई, यांना सांगा," वहिनी म्हणाल्या, "खाली माझ्याकडे पाणी मऊ करायचं मशीन आहे. साबण कसा फुलतो त्यात! तेच पाणी टाकीत घाला म्हणावं."

"आई, त्यांना सांग, टाकी म्हणजे चादर नव्हे. त्या मशीनमध्ये मीठ ओततात."

"अरे, पाच फुटांवर उभे आहात दोघं," आई म्हणाल्या. "मी काय टपालपेटी आहे?"

मासेवाला घशाने घोगरा आणि स्वभावाने त्याहून. "बाई, मऊ म्हणजे शुद्ध नव्हे," तो म्हणाला. "कपड्यांना नडतं तेवढं जातं, शेवाळाला आवडतं ते सगळं राहतं. स्वयंपाकघरातलं यंत्र घ्याल तर ते चवीला क्षार परत घालतं. वाफ गोळा करणारं भांडं घ्याल तर दिवसभर शेगडी पेटती ठेवा. राहिला हा." त्याने माझ्याकडे बोट केलं. "घ्यायचा तर घ्या, नाहीतर वाट मोकळी करा, मागे गिऱ्हाईक आहे."

धाकट्याने मला उचललं. वहिनींनी पिशवी धरायलाही हात पुढे केला नाही.

मला जिन्याच्या वळणावर भिंतीत ठोकलं. खालच्या पायऱ्यांवरून लाँड्रीतली वाफ यायची, वरून कवळ्या घासण्याचा आवाज. समोर आईंच्या खोलीचं दार, ते कायम उघडं. पहिल्याच आठवड्यात माझं नाव पाणीखाऊ पडलं. कोणी ठेवलं ते सांगायला नको.

"आई, विचारा त्यांना," वहिनी खालून ओरडत, "पाणीखाऊचं पोट भरलं का? माझ्या हौदाचा तळ दिसतोय!"

"आई, सांग, भरलं नाही!"

आई दोन्ही निरोप पोचवत, मधे आपल्या पदरचं तिखट घालून. त्यांना त्यात थोडी मजाही वाटत असावी.

वहिनी कष्टाळू बाई, पाणी वाहून जाताना त्यांना बघवेना. एकदा त्यांनी माझ्या वाया जाणाऱ्या नळीखाली बादली लावली आणि ते पाणी धुण्याला घेतलं. मित्रांनो, त्या पाण्यात नळाच्या पाण्यापेक्षाही जास्त क्षार असतात. एका वकिलाचा काळा कोट त्या पाण्यात विसळला, वाळला, आणि त्याच्यावर जागोजाग पांढरे ओघळ उमटले. वकील दुकानात उभा राहून जे बोलला ते मी जिन्यावरून ऐकलं. तो गेल्यावर वहिनी तरातरा वर आल्या. वाया जाणाऱ्या नळीला एक लहान तोटी होती. ती त्यांनी घट्ट फिरवून बंद केली. "पी आता," एवढंच म्हणाल्या, मला.

त्यांना वाटलं, मोरीत जाणारं पाणी थांबलं, आता सगळंच चांगल्या नळीतून येईल. तसं होत नाही. ते पाणी मागचे क्षार धुऊन नेत असतं. ते थांबलं की क्षार पडद्यावरच साचतात. माझा श्वास कोंडू लागला. थेंब मंदावले, पाणी बिघडलं, निळे दाणे बघता बघता तपकिरी झाले. आणि धाकटा रोज विश्वासाने तेच पाणी टाकीत घालत राहिला. मला ओरडता येत नव्हतं.

अक्रोड एका बाजूने पांढरा पडला. मांस सुटून आतला सांगाडा दिसू लागला.

धाकट्याने मला खालीवर तपासलं. तोटीवर त्याचा हात थांबला. "आई!" तो गरजला. "खाली सांग, दादाची शेवटची वस्तू मारलीत म्हणावं!"

आई दारात आल्या. त्यांनी तोंडातली कवळी काढली, त्यानेच बनवून दिलेली, पेल्यात टाकली आणि पेला कपाटात ठेवून दिला. मग खुर्चीवर बसल्या आणि ओठ मिटून घेतले.

"आई, सांग ना!"

आईंनी मान हलवली. खालून वहिनीही हाका मारत होत्या, "काय म्हणतायत ते?" उत्तर येईना, तेव्हा त्या वर आल्या. माझ्यासमोर, एका पायरीच्या अंतरावर, दोघं उभी राहिली.

"वहिनी," धाकटा म्हणाला.

"बोला. जीभ आहे म्हणजे तुम्हाला."

"ही तोटी तुम्ही बंद केलीत."

"केली. तुम्ही वर बसून लोकांचे दात घासणार आणि खाली माझं पाणी मोरीत जाणार! तुमच्या पाणीखाऊपायी त्या वकिलाची बोलणी मी खाल्ली."

"त्या पाण्याशिवाय पडदा गुदमरतो. अक्रोड मारलात तुम्ही."

"मारला?" वहिनींचा आवाज एकदम खाली आला. "भाऊजी, नवरा होता माझा तो. त्याच्या हातचं एवढं एकच जिवंत उरलंय घरात, ते मी मारीन? तोटी कशाला आहे हे तोंड उघडून सांगितलंत कधी?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"तुम्ही सांगितलं नाहीत."

धाकट्याने तोटी सोडली आणि मासेवाल्याला बोलावणं धाडलं.

मासेवाला नवा पडदा घेऊन आला. जुन्या पडद्यावरचा चुन्याचा थर त्याने नखाने खरवडून दोघांना दाखवला. "खालच्या मशीनचं मऊ पाणी याच्या तोंडाला लावा," तो म्हणाला. "पडदा टिकेल. आणि याचं वाया जाणारं पाणीही मग मऊच निघेल, त्यात खुशाल कपडे भिजवा. एवढं सुचलं नाही कोणाला? एकाच घरात राहता ना?"

"नाही," दोघं एकदम म्हणाली.

अक्रोडाकडे बघून त्याने मान हलवली. कुजका भाग चांगल्यालाही खाईल, फेकून द्या, म्हणाला आणि गेला.

फेकलं नाही. धाकट्याने कवळ्या कापायची हिऱ्याच्या भुकटीची चकती आणली. वहिनींनी लाँड्रीतले रबरी हातमोजे चढवले. आईंच्या खोलीत परातीत टाकीचं पाणी घेतलं आणि वहिनींनी अक्रोड दोन्ही हातांत धरला.

"हलवू नका."

"मी दगडासारखा घट्ट धरलाय. तुमची चकती थरथरतेय."

"श्वास तरी रोखा."

"तुम्ही आधी बोलणं रोखा."

चकती किंचाळली. पांढरा भाग गळून परातीत पडला आणि वहिनींच्या मोज्यांत मूठभर हिरवा तुकडा राहिला. तो त्यांनी टाकीत वाळूवर ठेवला. आईंनी कपाटातून पेला काढला, कवळी धुतली, बसवली आणि विचारलं, "जेवायला काही आहे का या घरात?"

तुकडा बरेच दिवस मिटून होता. खालच्या मशीनपासून माझ्यापर्यंत नवी नळी आली, माझी वाहती नळी लाँड्रीच्या हौदात गेली. पाणी पुन्हा निर्मळ झालं. एका सकाळी वहिनी जिन्यावरून जाता जाता दारात थबकल्या. अक्रोड फुगून आला होता, हिरवा, टपोरा. थोड्या वेळाने धाकटा येऊन तसाच थबकला. एकमेकांना त्यांनी सांगितलं नाही.

मित्रांनो, माझ्या जातीचा कोणी तुमच्या घरी असेल तर त्याची सुताची गुंडाळी काळी पडू देऊ नका, दाणे तपकिरी झाले की बदला. आणि त्याचं वाहणारं पाणी डोळ्यांत खुपलं तर त्याला दुसरी वाट काढून द्या, पण कोंडू नका. कोंडलेला कोणीही शेवटी घाणच देतो. हे मी रागाने सांगतोय, कारण मला सोसावं लागलं.

आता कोण कुठे आहे ते सांगतो. मासेवाल्याच्या गुडघ्यांनी दगा दिला. दुकान भाच्याने घेतलं, तिथे हल्ली मोबाइलची कव्हरं मिळतात. आई झोपेतच गेल्या. शेवटपर्यंत त्यांनी परत एकही निरोप पोचवला नाही. त्या गेल्यावर धाकट्याने दुसऱ्या वस्तीत जागा घेतली. जाताना अक्रोडावरून पुन्हा वाद झाला. तो तेव्हा ताटलीएवढा झाला होता. पुन्हा चकती आणली, पुन्हा मोजे चढवले, आणि अर्धा अर्धा केला.

वहिनींचे केस पांढरे झालेत, पण लाँड्री चालू आहे आणि मी जिन्याच्या भिंतीवरच आहे. माझे दोन डबे बदललेत, पट्टी गंजलीय. धाकटा दर रविवारी शुद्ध पाण्याचा डबा न्यायला येतो. आत येत नाही, उंबऱ्यावर उभा राहतो.

"मागच्या वेळी डब्याला साबणाचा वास होता, वहिनी."

"मग नका नेऊ, भाऊजी. नाक कापून ठेवा घरी."

तो डबा उचलतो आणि कुरकुरत जातो. त्याच्या घरी माझ्यासारखाच एक नवा संच आहे, दोन वर्षं खोक्यातच बंद. वहिनींना ते ठाऊक आहे. डबा भरायला त्या शनिवारीच लावतात.