पुसलेलं अंगण

ओरिक्स हरणाच्या खुराचा ठसा मधोमध चिरलेल्या पानासारखा असतो. जनावर धड असेल तर पानाचे दोन्ही भाग सारखे दाबले जातात. सकाळी नऊच्या सुमारास माग काढणारा म्हातारा काशे ज्या ठशावर वाकला होता, त्यातला एक भाग खोल होता आणि पुढची वाळू फरपटलेली होती. शेजारच्या गवताच्या काडीवर रक्ताचा एक थेंब होता, त्यात हिरवट घाण मिसळलेली.

"गोळी पोटात लागलीय," काशे म्हणाला.

हेनिंगनं डोक्यावरची टोपी मागे सारली. शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांना तोच रानात घेऊन जाई. फार्म त्याच्या वडिलांचा. आजचा पाहुणा नॉर्वेचा, होल्मबो नावाचा, औषधाच्या दुकानातून निवृत्त झालेला शांत माणूस. त्याला भाषा कळली नाही, पण काशेचा चेहरा कळला.

"माझी चूक," तो म्हणाला. "श्वास रोखायचा राहिला."

"झाली ती झाली," हेनिंग म्हणाला. "आता काशे ऊपाच्या मागे गपचूप चालायचं. आपण घाई केली की जनावर धावतं, आणि धावलं की ते आपल्या हाती लागत नाही. कुठंतरी झुडपात दोन दिवस तडफडत मरतं."

हे सगळं हेनिंग काशेकडूनच शिकला होता, सात वर्षांचा असताना. फार्मवरचं प्रत्येक मूल त्याच्याकडूनच शिकलेलं. मालकाची मुलं, हेरेरो जमातीच्या ड्रायव्हरांची, स्वयंपाकीणबाईंची, सगळी रविवारी दुपारी त्याच्याभोवती वाळूत बसत. तो बोटांनी ठसे काढी, मुलं ओळखत. चुकलं तर तो रागवत नसे. "पुन्हा बघ," एवढंच म्हणे. "ठसा कुठं पळून जात नाही. आपलेच डोळे पळतात." लहानथोर सगळे त्याला ऊपा म्हणत, आजोबा. स्वतःचं नातवंड मात्र त्याला नव्हतं. निदान त्या सकाळपर्यंत त्याला तसं वाटत होतं.

जुलैचा महिना होता, म्हणजे इथला ऐन हिवाळा. पहाटेचं दव केव्हाच वाळलं होतं आणि पूर्वेचा कोरडा वारा सुटला होता. काशे हातातल्या काठीनं शेवटच्या रक्ताशी खूण करी, पुढचं रक्त सापडलं की मग काठी उचली. असं करत दीड तासानं ते फार्मच्या रस्त्याशी आले.

हा रस्ता डांबरी सडकेवरच्या फाटकापासून थेट कामगारांच्या घरांपर्यंत जाई. रोज संध्याकाळी गाडीमागे दोन जुने टायर दोरानं बांधून तो साफ पुसला जाई. तीस वर्षांपूर्वी काशेनंच घालून दिलेला नियम. संध्याकाळी पाटी पुसली, तर रात्रीत कोण आलं, कोण गेलं, ते सकाळी वाचता येतं.

ओरिक्स रस्ता ओलांडून उत्तरेला गेला होता. पण त्याच्या खुरांच्या ठशांवरून, अगदी नुकती, माणसाची पावलं गेली होती.

काशे जागच्या जागी थांबला.

अनवाणी बाईची पावलं. डाव्या पायाला करंगळी नाही. नऊ वर्षांची असताना तिला तिथं साप डसला होता, आणि काशेनं तिला खांद्यावर घेऊन याच रस्त्यानं फाटकापर्यंत धाव घेतली होती. पोर वाचली, करंगळी गेली. हे पाऊल त्यानं आंधळा झाल्यावरही बोटांनी चाचपून ओळखलं असतं. उंका. त्याची मुलगी.

आणि तिच्या शेजारी दुसरी पावलं होती, एवढीएवढीशी. पुढे पळालेली, थांबलेली, काहीतरी बघायला बसलेली, पुन्हा मागे आईकडे आलेली. तीन वर्षांचं मूल. सगळी पावलं घरांकडे चालली होती.

"काय झालं ऊपा? रक्त हरवलं?" हेनिंगनं मागून विचारलं.

काशे वाकून पावलंच बघत राहिला.

पाच वर्षांपूर्वी उंका सडकेच्या कामावर आलेल्या एका परमुलखातल्या माणसाबरोबर निघाली, तेव्हा काशे अंगणात उभा राहून ओरडला होता, "जातेस तर जा! पण पुन्हा तुझं पाऊल या अंगणात दिसता कामा नये." उंका तशीच निघून गेली. त्याची बायको बाकू मात्र रात्री म्हणाली होती, "असं कशाला बोललास रे? पोर तुझ्यासारखीच आहे. शब्द धरून ठेवील." पुढच्या हिवाळ्यात बाकू खोकत खोकत गेली. उंका मातीलाही आली नाही. पोरगी दगडाची निघाली, असं तेव्हापासून काशे मनाला सांगत आला होता.

आता तिची पावलं त्याच्या घराकडे चालली होती. अर्ध्या तासाचं अंतर. "हेनिंग, मला घरी जायचंय," एवढं म्हटलं असतं तर हेनिंगनं नाही म्हटलं नसतं. होल्मबोनं तर स्वतः त्याला पाठवलं असतं.

पण पोटात गोळी लागलेलं जनावर अर्ध्यावर सोडायचं नाही, हे त्यानंच सगळ्यांना शिकवलं होतं. हे एक कारण. दुसरं कारण त्याहून लहान होतं आणि त्याहून खोल रुतलेलं होतं. त्याच्या मनात आलं, मी पाच वर्षं वाट बघितली. तिनं पाच तास बघितली तर काय बिघडलं? बसू दे उंबऱ्याशी.

"काही नाही," काशे म्हणाला. "रक्त इकडं गेलंय."

आणि तो उत्तरेला वळला.

दुपारी ते एका बाभळीखाली पाणी प्यायला बसले. होल्मबोनं आपल्या पावाचा अर्धा तुकडा काशेपुढं धरला आणि हेनिंगला काहीतरी विचारलं. हेनिंग जरा चाचरला.

"पाहुणा विचारतोय, तुम्हाला मुलंबाळं किती?"

"सांग त्याला, अख्ख्या फार्मचा ऊपा आहे मी. मोजत बसलो तर ओरिक्स नॉर्वेला पोचेल."

हेनिंग हसला. होल्मबोही हसला. काशेनं पाव दोन बोटांत धरून ठेवला. लहान मुलाला पाव आवडेल का, असं त्याच्या मनात येत होतं. शेवटी त्यानं तो कागदात गुंडाळून खिशात टाकला.

चार वाजता ओरिक्स सापडला. झुडपाच्या आडोशाला तो पाय दुमडून बसला होता, लांब सरळ शिंगं वर, मान ताठ. या खेपेला होल्मबोनं श्वास रोखला. एका गोळीत काम झालं. हेनिंगनं आपल्या रिवाजाप्रमाणे एक हिरवी डहाळी मोडून जनावराच्या तोंडात ठेवली, मेलेल्याचा शेवटचा घास म्हणून. होल्मबो टोपी काढून उभा राहिला. एरवी काशे अशा वेळी जनावराजवळ बसे, त्याच्या मानेवर हात ठेवी. आज तो बसला नाही.

"गाडी बोलाव," तो म्हणाला. "चला."

उआझुवा, हेरेरो ड्रायव्हर, गाडी घेऊन आला तो बडबडतच. "काय ऊपा, आज स्वतः शिंगं धरून ओढताय? घरी कुणी वाट बघतंय की काय?"

"तोंड कमी चालव, गाडी जास्त चालव."

"अरे बापरे! नक्कीच कुणीतरी आहे. हेनिंगसाहेब, ऊपाचं लग्न दिसतंय!"

होल्मबोनं काशेला पुढची जागा देऊ केली. काशे मान हलवून मागे चढला आणि मेलेल्या ओरिक्सशेजारी मागे तोंड करून बसला. त्याला कुणी आपला चेहरा बघायला नको होता. गाडी रस्त्याला लागली. उआझुवानं उतरून रोजच्यासारखे दोन टायर मागे बांधले. टायर वाळूवरून सरकू लागले आणि काशेच्या डोळ्यांदेखत रस्ता पुसला जाऊ लागला. कुठली पावलं पुसली जात होती, ते त्याला दिसत नव्हतं. त्याच्यापर्यंत येत होती ती सपाट वाळू. "थांबव" हा शब्द दोनदा ओठापर्यंत आला. पण मग कारण सांगावं लागलं असतं. आणि उंका तर घरी बसलीच होती.

घरांपाशी तो गाडी थांबायच्या आधीच उतरला. खिशातला पाव चाचपला.

अंगणात कुणी नव्हतं.

अंगण झाडलेलं होतं. केरसुणीनं नव्हे, झाडाच्या फांदीनं. उंबऱ्यापासून चुलीपर्यंत, चुलीपासून कुंपणापर्यंत अर्धगोल फरकाटे उमटले होते. मोठ्या माणसाचं एकही पाऊल कुठं नव्हतं. आणि त्या पुसलेल्या वाळूवर, जागोजाग, ती लहान पावलं तशीच होती. फांदी त्यांच्या कडेकडेनं, त्यांना न दुखवता फिरली होती. मूल चुलीभोवती धावलं होतं. पाण्याच्या पिंपापाशी चवड्यांवर उभं राहिलं होतं. उंबऱ्यापुढच्या दगडाशी बराच वेळ पाय हलवत बसलं होतं.

काशे कुंपणाशीच उभा राहिला. आत पाय टाकायचा त्याला धीर होईना.

उंका लहान असताना दोघांचा एक खेळ होता. तिनं फांदीनं आपली पावलं पुसत जायचं आणि लपायचं, त्यानं शोधायचं. तो नेहमी शोधून काढी. "कसं रे बाबा?" ती चिडून विचारी. तो म्हणे, "पुसलेली जागा गप्प बसत नाही, बाळा. ती पावलापेक्षा मोठ्यानं बोलते."

"आलास?" शेजारच्या दारातून आवाज आला. नुका, काशेच्याच वयाची विधवा, दारात बसून पाइप ओढत होती. "सवड झाली वाटतं."

"कधी गेली?"

"सूर्य एवढा वर होता तेव्हा." नुकानं हात वर करून दाखवला. दोन अडीच तास झाले असावेत. "सकाळपासून बसली होती. मी म्हटलं, थांब, येईल म्हातारा. म्हणाली, रस्त्यात माझी पावलं दिसली असतील, तर येईल दुपारपर्यंत. दुपार झाली. म्हणाली, पावलं दिसूनही आला नसेल, तर मी समजले."

काशेनं वाकून फांदीचा एक फरकाटा बघितला.

"मग उठली, फांदी तोडली आणि लागली झाडायला. मी ओरडले तिच्यावर. तर मला म्हणते, बाबा म्हणाला होता, माझं पाऊल दिसता कामा नये. पोरीच्या पावलाबद्दल तो काही बोलला नव्हता."

"मुलगी आहे?"

"मुलगी. आणि दर हिवाळ्याला येते तुझी लेक, कळलं का? तू पाहुण्यांबरोबर रानात असलास की आईला भेटून जाते. संध्याकाळी टायर फिरले की रस्ता साफ. तुझाच नियम ना तो! मला शपथ घातली होती, नाहीतर तुला केव्हाच सांगितलं असतं."

दर हिवाळ्यात बाकूच्या थडग्याभोवतीची वाळू झाडलेली दिसे. काशेला वाटे, नुका झाडते. "मला वाटायचं, तू..."

"मी? माझे गुडघे चढतात होय त्या टेकाडावर? माग काढणारा म्हणे! अख्ख्या मुलखातली जनावरं वाचतोस, आणि बायकोच्या थडग्यावर काय लिहिलंय ते वाचता आलं नाही तुला." बोलता बोलता नुकाचा आवाज खाली आला. तिनं पाइप दगडावर झटकला. "बाकू नाव ठेवलंय पोरीचं."

काशेच्या लोकांत ज्याला आपल्या माणसाचं नाव ठेवलेलं असतं, तो त्या माणसाच्याच जागी येतो. बायकोचं नाव ल्यालेल्या नातीला आजोबा थट्टेनं बायकोच म्हणतो, तिच्याशी खोटंखोटं भांडतो, आणि मूल खिदळत त्याच्या अंगावर धावून येतं. बाकू गेल्यापासून काशेनं ते नाव मोठ्यानं उच्चारलं नव्हतं.

लहान पावलं चुकवत त्यानं घरातून एक पत्र्याचा वाडगा आणला आणि दगडापुढच्या सगळ्यांत स्पष्ट पावलावर पालथा घातला, वाऱ्यानं बुजू नये म्हणून. खिशातला पाव काढून दगडावर ठेवला. ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आता तो कुणी खाणार नाही.

इतक्यात गाडीचा आवाज आला. ओरिक्स उतरवून उआझुवा फाटकापर्यंतचा राहिलेला रस्ता पुसायला निघाला होता. काशे धावत जाऊन गाडीपुढं उभा राहिला.

"आज नको."

"काय नको?"

"टायर ओढू नको. काढ ते."

"ऊपा, तुमचाच तर नियम..." उआझुवा चेष्टा करायच्या बेतात होता. मग त्यानं काशेचा चेहरा पाहिला, मुकाट्यानं खाली उतरला आणि दोर सोडू लागला.

काशे चालत निघाला. मघा गाडी जिथून रस्त्याला लागली होती, तिथपर्यंत नुसती सपाट वाळू होती. त्याच्या पुढे पावलं सुरू झाली. सकाळची घराकडे येणारी, त्यांच्यावर दुपारची परतणारी. परतताना उंकानं पावलं पुसली नव्हती. मूल थोडं चाललं होतं, मग अडखळत, पाय ओढत. एके ठिकाणी ते खालीच बसलं होतं. तिथून पुढे लहान पावलं नव्हती, आणि करंगळी नसलेल्या पायाची टाच खोल गेली होती. उंकानं मुलीला पाठीवर घेतलं होतं.

"दमलीस होय, बायको?" काशे त्या शेवटच्या लहान पावलाला म्हणाला. "एवढंसं चाललीस आणि दमलीस?" पुढची थट्टा त्याला सुचली नाही.

उजेड उतरता उतरता तो फाटकाशी पोचला. फाटकाबाहेर उंका उभी राहिली होती, बराच वेळ. घराकडे तोंड करून. दोन्ही पावलं वाळूत रुतली होती, सारखी, शेजारी शेजारी. मग ती वळली होती, आणि चार पावलांवर डांबर सुरू होत होतं.

काशेनं बूट काढले. अनवाणी पायांनी तो सडकेवर गेला, खाली बसला, आणि दिवसभर तापलेल्या डांबरावरून त्यानं हात फिरवला, एकदा या दिशेला, एकदा त्या दिशेला. त्याला तिथं काहीच लागलं नाही. तरी तो पुन्हा बघत राहिला.