वाटेकडे पाठ केलेला बाक

मित्रांनो, मी बेलापूरच्या एका बागेतला जुना बाक आहे. सात-आठ वर्षांत कुणी जुनं होतं का, असं तुम्ही म्हणाल. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात राहून बघा, म्हणजे कळेल. माझ्या रंगाचे पोपडे निघालेत आणि एका कोपऱ्यातून गंजलेली सळई डोकावते. त्यात मी स्वभावानं घाबरट. बाकानं एका जागी स्वस्थ बसावं, पण स्वस्थता माझ्या नशिबीच नाही. बागेतले बाकीचे सगळे बाक वाटेकडे तोंड करून आहेत आणि माझी एकट्याची वाटेकडे पाठ आहे. मागून कोण येतंय ते मला दिसत नाही, नुसती पावलं ऐकू येतात. त्यामुळे माझा जीव कायम टांगणीला.

ही करणी कान्हाची. कान्हा खाडीकाठच्या गावातला आगरी गडी. नव्या शहरासाठी सरकारनं त्याच्या घरची भातजमीन घेतली आणि त्याच जमिनीवर बाग करायला तो मजुरीवर आला. साच्यात सिमेंट ओतून आम्हांला घडवायचं आणि आमचे पाय जमिनीत पक्के करायचे, हे त्याचं काम. मला त्यानं आपल्या शेताच्या बांधावर उभं केलं, तोंड खाडीकडे करून. तिकडे भरावातून वाचलेला शेताचा एक तुकडा तेवढा हिरवा होता. मुकादमानं पाहिलं तोवर सिमेंट धरलं होतं. त्यानं कान्हाला भरपूर शिव्या घातल्या. कान्हानं त्या ऐकून घेतल्या आणि घमेलं उचलून दुसऱ्या कामाला लागला.

आता पाठ फिरवून बसलेल्या बाकावर कोण येणार? ज्यांना आपला चेहरा कुणाला दिसू नये असं वाटतं, ते आले. पहिला आला शिवराम, शेजारच्या सरकारी कचेरीतला कारकून. मराठवाड्यातल्या बौद्ध घरातला, बोलायला हळू, चालायला त्याहून हळू. दुपारी डबा खायला माझ्यावर बसायचा. कान्हा तेव्हा झाडांना पाणी घालायचा आणि उगाच याच कोपऱ्यातल्या झाडांना दोनदा घालायचा. मित्रांनो, काही पुरुषांचा जीव पुरुषावरच जडतो, काही बायकांचा बाईवर. त्यांच्यासाठी त्या वेळी लोकांकडे वाईट शब्द पुष्कळ होते, चांगला एकही नव्हता. पण मी तर त्या दोघांना एका डब्यात जेवताना पाहिलंय. त्यात वाईट काय होतं, ते मला आजही कळलेलं नाही.

हळूहळू रविवारच्या संध्याकाळी आणखी माणसं जमू लागली. त्यांत गोजरा होती. घरच्यांनी तिला मुलगा म्हणून वाढवलं होतं, पण ती मनानं पहिल्यापासून बाईच. ब्लाऊज शिवून पोट भरायची आणि जिभेनं सगळ्यांना सोलून काढायची. शिवरामला म्हणायची, तुझं बोलणं संपेस्तोवर माझा एक ब्लाऊज शिवून होतो. सगळे हसायचे, मीही हसायचो. तेवढ्यात मागं राखणदाराची शिट्टी वाजली की हसणं जागीच विरायचं. आजूबाजूच्या सोसायटीवाल्यांनी तक्रार केली होती, की असल्या माणसांनी बाग नासवली. माझी पाठ तेव्हा भीतीनं गार पडायची.

मग एका पावसाळ्यात कान्हाला कावीळ झाली आणि तो गेला.

शिवराम मयताला गेला होता. तिथं कान्हाच्या चुलत्यानं विचारलं, हा कोण? कुणीतरी म्हणालं, कामावरचा ओळखीचा असेल. शिवराम गर्दीच्या मागं उभा राहिला आणि तसाच परत आला. दुसऱ्या दिवशी तो कचेरीत गेला, कारण रजा मागायची तर मयताचं नातं सांगावं लागतं. संध्याकाळी तो माझ्यावर येऊन बसला. घरच्या रीतीनं त्यानं एक मेणबत्ती लावली, ती वाऱ्यानं विझत राहिली आणि तो ती परत परत लावत राहिला.

आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात. शिवरामच्या खोलीवर कोण आणणार? कुणाला ठाऊकच नव्हतं, की त्याचं माणूस गेलंय. शेवटी गोजरा माझ्याकडेच आली, पदराखाली पातेलं धरून. तिनं भाकरीवर पिठलं घालून त्याच्या हातात दिलं. त्या घासाबरोबर शिवराम पहिल्यांदा रडला. पुढे रोज संध्याकाळी कुणी ना कुणी येऊन त्याच्याजवळ बसू लागलं. दिवसकार्य होईपर्यंत मयताचं घर मीच होतो.

पण एक गोष्ट त्यांच्यापैकी कुणाच्याही हातात नव्हती. दिवस झाले की सोयरे घरच्यांना टोपी-टॉवेल आणतात, त्याला दुखवटा म्हणतात. ज्याला दुखवटा मिळाला, तो त्या मेलेल्या माणसाचा आपला, हे चारचौघांत ठरतं. तिकडे गावात भावांना टोप्या घातल्या गेल्या. इकडे शिवराम बोडक्या डोक्यानं माझ्यावर बसला होता. गोजराला त्यानं नेमकं तेच विचारलं, की मी त्याचा कुणीच नव्हतो का?

तेव्हाच मागं पावलं वाजली. जड, अनवाणी. चुलते आले असतील, मारतील, असंच मला वाटलं. पावलं माझ्या पाठीशी थांबली. मग वळसा घालून समोर आली.

ती कान्हाची आई होती, चांगुणाबाई. मयताला गर्दीच्या मागं उभा असलेला शिवराम तिनं ओळखला होता, कान्हा घरी त्याच्याबद्दल आणि या बाकाबद्दल बोलायचा. तिला वाट विचारावी लागली नव्हती, आपल्या शेताचा बांध तिला ठाऊक होता. काखेतल्या पिशवीतून तिनं नवी पांढरी टोपी काढली.

"तुला कोनी आनली नसंल," ती म्हणाली.

शिवराम गडबडीनं उठला. "आई, मी कोण लागतो त्याचा? काय म्हणून घालू?"

"ते मला नको सांगू. माजा पोऱ्या गेला. तुजा मानूस गेला."

तिनं टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला. मग ती माझ्यावर बसली आणि समोरच्या हिरव्या तुकड्याकडे बघत राहिली. कान्हानं मला असा का बसवला, ते तिला कुणी सांगायला नको होतं.

आता दर वर्षी त्या दिवशी इथं पिठलं-भाकरी येते. कान्हाचं नाव घेतात, आणि जे कुणी आपल्या घरच्यांच्या तोंडी उरले नाहीत त्यांचीही नावं घेतात. माझ्या अंगावर मेणाचे डाग वाढत चाललेत. परवा नवा मुकादम म्हणत होता, हा बाक उखडून वाटेकडे तोंड करून बसवू. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही.

मित्रांनो, तुम्हांला कुणी विचारलं तर सांगा, हा बाक आहे तसाच राहू द्या. आणि माझ्यावर कुणी मान खाली घालून बसलेलं दिसलं तर मागून येऊ नका. त्याचं कोण गेलं, ते त्याचं कोण लागत होतं, हे विचारू नका. चांगुणाबाई आली तसे वळसा घालून समोरून या, आणि शेजारी बसा.