म्हातारीच्या दारातली पट्टी

गाडीत पाणी कोण सांडतं, हे मास्तरांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. जावई. दुसरं कोण असणार?

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतल्यामुळे माणसाचंही माप आपल्याला एका नजरेत कळतं, असा त्यांचा ठाम समज होता. गाडी बावीस वर्षांची, घरात तिला सगळे म्हातारी म्हणत. दर रविवारी लेक, जावई नि नात येत. जावई म्हातारी काढून सगळ्यांना हिंडवून आणी, मग जेवणं होत. छान चाललं होतं. पण पावसाचे दिवस आले आणि एका सोमवारी मास्तर दार उघडतात तर काय! काचा आतून घामेजलेल्या, पुढच्या सीटखालच्या कार्पेटवर पाय ठेवला की पचक, आणि वास असा, की ओलं फडकं आठवडाभर बादलीत विसरलंय.

"कुठेतरी पाणी मुरतंय," मास्तर म्हणाले.

"कुठेतरी काय, गाडीत मुरतंय," बायको म्हणाली. "गॅरेजवाल्याला दाखवा."

गॅरेजवाल्याला कशाला? मास्तरांनी स्वतःच तपास सुरू केला. मॅट उचलली तर खाली वर्तमानपत्रांचे चार थर, सगळे रविवारचे अंक. म्हणजे सांडायचं आणि वर कागद घालून झाकायचं! मग त्यांनी चारही दारांच्या फटींवर आडवा काळा दोरा चिकटवला. कोणी दार उघडलं की दोरा तुटणार. शुक्रवारपर्यंत दोरा जसाच्या तसा, आणि आत मात्र पाणी. शहाण्या माणसाने इथेच थांबून विचार केला असता. मास्तर म्हणाले, "बघ, त्याने काहीतरी मोडून ठेवलंय."

रविवारी त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "जावईबापू, गाडीत पाणी कुठून येतं?"

जावई चष्मे बनवणारा, मुलखाचा अबोल. त्याने मास्तरांकडे पाहिलं, दारातून बाहेर गाडीकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं.

"बघा! तोंडाला कुलूप! किल्ली ठेवा इथे."

जावयाने किल्ली कापड बेतायच्या टेबलावर ठेवली, मास्तरांच्या छोट्या कात्रीशेजारी. त्या कात्रीला हात लावायची बायकोचीही बिशाद नव्हती. लेकीने नातीला कडेवर घेतलं. "बाबा, आता तुम्ही बोलावल्याशिवाय आम्ही येणार नाही," म्हणाली आणि चालू लागली.

तीन रविवार घर सुनं गेलं. बायको सवयीने पाच ताटं काढायची आणि तीन परत ठेवायची. मास्तर जेवताना सारखे दाराकडे बघायचे, पण बोलावणार कोण? चूक त्याची, बोलावायचं आपण?

आणि म्हातारी ओलीच. उलट जास्तच. पुसायला गेलं की काच रडायची.

"आता तर जावई नाही ना गाडीत?" चौथ्या रविवारी सकाळी बायको म्हणाली. "की रोज येऊन तांब्याने ओतून जातो बिचारा?"

मास्तर चरफडत गॅरेजवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "पाइपने पाणी मारून बघा. पण खालून वर जायचं, एकेका जागी दोन मिनिटं. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडे पळतं, मग काही कळत नाही. आणि आत टॉर्च घेऊन माणूस बसवा. एकट्याचं काम नाही हे."

एरवी असं काम ते जावयासोबत करायचे. पण आता उरली होती फक्त बायको. मास्तरांनी कापडावर खुणा करायच्या आपल्या निळ्या खडूची पूड गाडीच्या पुढच्या दाराच्या उंबऱ्यावर आतून भुरभुरली आणि टॉर्च घेऊन बसले. बाहेर बायको पाइप धरून.

"खाली धरलाय!"

"कोरडं!"

"बिजागरीपाशी!"

"कोरडं!"

"वरच्या कोपऱ्यात!"

टप. निळ्या पुडीत एक थेंब पडला. मग दुसरा. मास्तरांनी टॉर्च वर केला. दाराच्या रबरातून कापडी पट्टीचं टोक लोंबत होतं आणि त्यावर तिसरा थेंब तयार होत होता. त्यांनी ते चिमटीत धरलं. दोनदा दुमडलेली कड, एकाच मापाचे बारीक टाके. असा टाका घालणारा अख्ख्या वस्तीत एकच माणूस होता.

दार वाऱ्याने शीळ घालायचं म्हणून त्यांनीच ती पट्टी शिवून रबर आणि पत्र्याच्या मध्ये दाबली होती. शीळ थांबली. पण एक टोक बाहेर, एक आत! वात तेल पिते तसं सुती कापड पाणी पीत होतं. आयुष्यभर कापड भिजवून बेतलेला माणूस, आणि एवढं सुचलं नाही!

मग दुसरंही आठवलं. उन्हाळ्यातच जावई म्हणाला होता, "बाबा, ही पट्टी पाणी ओढेल." आणि आपण खेकसलो होतो, "माझ्या शिलाईत खोट काढू नका. हे चष्म्याचं काम नाही!" तेव्हापासून तो काही बोलला नाही. गपचूप दर रविवारी कागद घालून पाणी टिपत राहिला.

"काय सापडलं?" बायकोने वाकून विचारलं.

मास्तरांनी नुसतं टोक दाखवलं. बायकोने टाके ओळखले आणि जाऊन नळ बंद करून आली.

"काढा ना मग ती."

"नाही. मी नाही काढायची," मास्तर म्हणाले. त्यांनी छोटी कात्री खिशात घातली, बायकोला शेजारी बसवलं आणि बाहीने काच पुसत पुसत गाडी लेकीच्या दारात नेली.

दार जावयानेच उघडलं. मास्तरांनी किल्ली आणि कात्री त्याच्या हातावर ठेवली.

"पट्टी माझीच होती. तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं नाही. वर सगळ्यांदेखत तुम्हाला चोर ठरवलं. चुकलं माझं, जावईबापू. आता ती तुमच्या हाताने काढा."

जावई गाडीपाशी गेला. कड न फाडता, एकेक टोक सोडवत त्याने पट्टी बाहेर ओढली, पिळली आणि चष्मा कपाळावर सरकवून उजेडात धरली. लेक आणि नात दारात येऊन उभ्या राहिल्या.

"शिलाई मात्र एक नंबर आहे, बाबा," तो म्हणाला.

मास्तरांना भररस्त्यात रडू फुटलं. नात धावत आली, त्यांचं बोट धरलं आणि विचारलं, "आजोबा, आज जेवायला तुमच्याकडे यायचं का?"