उन्हाचा बर्फ

सिहोऱ्यात आमच्या घरी पाहुणा आला की त्याला पाण्याच्या आधी विजेचं बिल दाखवायची रीत माझ्या नवऱ्यानं, वीरेंद्रनं, पाडली होती. छपरावर सोलरच्या प्लेटा बसवल्यापासून बिल जवळपास शून्य यायचं. दिवसा उरलेली वीज लाईनीत जायची आणि रात्री वापरलेल्या विजेत वळती व्हायची. सूर्य याच्याच नावावर सातबाऱ्याला लागल्यासारखा तो हे सगळं समजावून सांगे.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी नियम बदलला. आपण दिलेल्या विजेला जणू चार आणे आणि रात्री घ्यायच्या विजेला रुपया, असा हिशेब झाला. पहिलं बिल आलं तेव्हा वीरेंद्रनं ते उलटसुलट करून पाहिलं.

"हे आपलं नाई," तो म्हणाला. नाव मात्र आमचंच होतं.

त्या दिवसापासून घरात उन्हाचं राज्य सुरू झालं. मोटार, वॉशिंग मशीन, मिक्सर, इस्त्री, सगळं ऊन डोक्यावर असतानाच उरकायचं. ऐन मे महिन्यात भर दुपारी मी इस्त्री करत उभी आणि हा शेजारच्या आपल्या खताच्या दुकानातून उठून बघायला यायचा. संध्याकाळी चटणी हवी असेल तर पाटा-वरवंटा होताच.

फ्रिजची युक्ती ही त्याची सगळ्यात मोठी करामत. दुपारी वरच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या कोंबून त्यांचा बर्फ करायचा. दिवस मावळला की बटण बंद करायचं आणि दगडासारख्या झालेल्या त्या बाटल्या खालच्या कप्प्यांत मांडायच्या. सकाळपर्यंत दूध नासत नसे. "हा उन्हाचा बर्फ," तो म्हणायचा. बपेऱ्याहून त्याचा मित्र ताराचंद मुद्दाम बघायला आला. पुढचं बिल खरंच निम्म्यावर आलं. मीही मनातून खूश झाले, खोटं कशाला बोलू.

त्याच फ्रिजात माझ्या सासूबाईंचं, गोदावरीबाईंचं, इन्सुलिन असे. सकाळ-संध्याकाळ सुई वीरेंद्रच द्यायचा. आई म्हणजे त्याचा जीव की प्राण. बटण बंद झाल्यावर औषधाला गरमी लागू नये म्हणून त्यानं ती कुपी दारातल्या खणातून काढली आणि रोज बर्फाच्या दोन बाटल्यांच्या मधोमध ठेवू लागला. "आईची जागा पयली," तो म्हणायचा.

पुढे काही दिवसांतच सासूबाईंची साखर चढू लागली.

वीरेंद्रचा दोन मीटरांवर देवापेक्षा जास्त विश्वास. एक भिंतीवरचा विजेचा आणि दुसरा आईच्या बोटातलं रक्त तपासायचा. मीटर खोटं बोलत नाही, म्हणजे आई बोलते, असा त्याचा सरळ हिशेब.

"आई, गूळ खाल्ला का तू?"

"नाई रे बापू."

"मंग साखर काहून चढून राहिली?"

"मले काय मालूम, बाप्पा."

धानाच्या मुलखात सारा जन्म गेलेली बाई, तिच्या ताटातला भात त्यानं बंद केला. त्या मुकाट्यानं भाकर खाऊ लागल्या. साखर चढतीच. मग गुळाच्या डब्याला कुलूप लागलं आणि किल्ली याच्या करदोट्याला.

मी भडकले. "सत्तरीच्या आईले चोर ठरवून राहिले तुमी. बरं दिसते का हे?"

"मंग मीटर खोटं हाय का?" तो म्हणाला.

एका दुपारी मी मशीनला कपडे लावत होते. सासूबाई जवळ येऊन इतक्या हळू बोलल्या की मला मशीन थांबवावी लागली.

"अंजू, मी झोपीत उठून गूळ खाऊन राहिली का वं? तू पाह्यलं का कदी?"

"नाई आई, कदीच नाई," मी म्हटलं, पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी लेकाला सांगून टाकलं, "हाव बापू, खाल्ला असन मी. ध्यानात नाई राह्यलं."

"पाह्य, कबूल केलं," वीरेंद्र मला म्हणाला.

"अन् किल्ली तं तुमच्या कंबरेले हाय," मी म्हटलं. तो दुकानात निघून गेला.

त्याच आठवड्यात सासूबाई न्हाणीच्या दाराशी कोसळल्या. तुमसरच्या दवाखान्यात नेलं, तिथे त्यांना तिथलंच इन्सुलिन दिलं आणि साखर भराभर उतरली. डॉक्टर बुचकळ्यात पडले. घरची कुपी घेऊन या म्हणाले. मी आणली. त्यांनी ती उजेडात धरली, हलवली. आत काचेला पांढरे कण चिकटले होते.

"हे ठेवता कुठे?"

वीरेंद्र सरसावून बसला. त्याला तिथेही राहवलं नाही. "एकदम थंड जागी, साहेब. बर्फाच्या दोन बाटल्यांच्या मधात. रातच्याले फ्रिज बंद ठेवतो ना आमी, बिल कमी याले..."

डॉक्टरांनी कुपी टेबलावर ठेवली. "हे गोठलं होतं. गोठलेलं इन्सुलिन वितळलं की वरवर पहिल्यासारखंच दिसतं, पण त्यातला दम गेलेला असतो. तुम्ही आईला इतके दिवस जवळजवळ पाणीच टोचत होता."

भाकर आठवली, कुलूप आठवलं, मशीनजवळचा तो हळू आवाज आठवला. वीरेंद्र उठला, धडपडत आईच्या खाटेपाशी गेला.

"आई," तो म्हणाला, "गूळ तू नाई खाल्ला."

"खरंच नाई?" त्यांनी विचारलं.

"नाई, आई. औषधच खराब झालं होतं. म्या खराब केलं."

मला वाटलं, आता त्या बोलतील, निदान रडतील तरी. वीरेंद्र करदोट्याची किल्ली सोडवू लागला. सासूबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी मान वळवून मला शोधलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता.

"अंजू, आयकलं का वं? मी नाई खाल्ला."

वीरेंद्र किल्ली मुठीत धरून खाटेपाशी खाली बसला.