आला का वं?

आमगावात केवळराम मिस्त्रीचा हात लागला नाही असा टीव्ही एके काळी शोधूनही सापडला नसता. आता मात्र त्याच्याच घरातला शटरवाला, लाकडी खोक्याचा टीव्ही भंगारात निघाला होता. सुनेला, मंजूला, त्या कोपऱ्यात फ्रीज ठेवायचा होता. केवळराम अडून बसला तेव्हा तिने सरळ सांगितलं, "मामाजी, भैय्यालाल भंगारवाला बारा वाजता येऊन राहिला. तोवर टीव्ही चालू झाला तं राहू द्या, नाही तं देऊन टाकू."

बोलणं वाजवी होतं, तेच तर दुखणं होतं. आताचे चॅनेल छतावरच्या छत्रीतून सेट-टॉपच्या डब्यात येतात, आणि या म्हाताऱ्या टीव्हीला डब्याची वायर खुपसायला भोकच नाही. त्याला फक्त अँटेनाची भाषा कळते. पण केवळरामही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने माळ्यावरून लग्नाच्या कॅसेटी दाखवणारा व्हीसीआर काढला. डब्याची वायर व्हीसीआरमध्ये घातली, व्हीसीआरची वायर टीव्हीला अँटेनाच्या जागी जोडली. आता व्हीसीआरच्या पाठीवरचा बारीक स्क्रू फिरवून टीव्हीच्या चार नंबरच्या चॅनेलशी सूर जुळवायचा, एवढंच उरलं होतं.

तो टीव्हीच्या मागे शिरला. तिथून पडदा दिसत नाही, म्हणून बायकोला, सुमित्राबाईला, पुढे बसवलं.

"आला का वं?"

"नाही."

हे दोघांचं जुनंच काम. पस्तीस वर्षांपूर्वी तो कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि ती अंगणातून ओरडून सांगायची. तेव्हाही अर्धा-अर्धा तास जायचा. दुसऱ्यांकडे पाच मिनिटांत चित्र आणणारा मिस्त्री स्वतःच्या घरी मात्र मार खायचा. शेजारीपाजारी हसायचे, आणि तो दूरदर्शनच्या टॉवरला शिव्या घालायचा.

"आता?"

"मुंग्याच हायेत. जरासा तिकडं फिरवा."

गुडघे भरून आले. बाहेर भैय्यालालची आरोळी ऐकू आली, तसं केवळरामने स्क्रू फिरवणं थांबवलं. टीव्ही जाणार याचं वाईट वाटत होतंच, पण आपला हात गेला हे सुनेपुढे कबूल करणं त्याहून जड होतं.

"ने म्हण त्याले," तो मागूनच म्हणाला. "माह्याच्यानं नाही होत आता."

तेवढ्यात मंजू आत आली आणि उभीच राहिली. "अवं माय! आई, चित्र तं केवढं साफ आलं! आवाज काऊन बंद केला तुमी?"

केवळराम धडपडत बाहेर आला. पडद्यावर बातम्या सांगणारी बाई तोंड हलवत होती, काळीपांढरी आणि ठसठशीत.

"काऊन नाही सांगितलं वं?"

"तीनदा येऊन गेला," सुमित्राबाई पदराचं टोक पिळत म्हणाली. "तवाही नाही सांगत होती मी."

"तवा म्हणजे?"

"तुमी कौलावर राहत होते तवा. घरात सासू-सासरे, दिवसा तुमच्याशी बोलाची सोय नाही. तुमी वर चढले का मले सगळ्यांदेखत बोलता येत होतं. 'आला' म्हटलं का तुमी उतरून, थैली घेऊन दुसऱ्याच्या घरी."

केवळराम हसू लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. बिचाऱ्या टॉवरला त्याने उगाच शिव्या घातल्या होत्या.

मंजूने दारातूनच भैय्यालालला हात हलवून परत पाठवलं आणि ती फ्रीजसाठी स्वयंपाकघरातली जागा मोजायला गेली.

केवळराम गुडघे धरत पुन्हा टीव्हीच्या मागे शिरला. स्क्रूला त्याने हातही लावला नाही.

"आला का वं?"

"नाही," सुमित्राबाई म्हणाली. "आणखी थोडा फिरवा."