कोरडा डायपर

मला सांभाळायला ठेवलेली मावशी सकाळी चादर वर करते, डायपर चाचपते आणि आनंदाने ओरडते, "वहिनी, आज पण कोरडा!" स्वयंपाकघरातून सूनबाई "वा!" म्हणते. चिरंजीव दात घासता घासता अंगठा वर करून दाखवतात. या घरात आता माझ्या एवढ्याच गोष्टीचं कौतुक उरलं आहे. शिसारी येते मला तिघांची.

कोरडा राहणारच. पाणी देतात कुठे मला? गोळीबरोबर दोन घोट, दुपारी अर्धा कप चहा, आणि दिवे लागले की घशाला कितीही कोरड पडो, थेंब मिळत नाही. ही युक्ती मावशीची. गादी भिजत नाही, खोलीला वास येत नाही, म्हणून सूनबाईने तिला डोक्यावर घेतलं आहे. बरं, माणसं दुष्ट नाहीत, आणि त्याचीच मला जास्त किळस येते. बाबांना स्वच्छ ठेवतोय असं त्यांना मनापासून वाटतं.

कंपवाताने माझा आवाज पार बसवलाय. मी "पाणी" म्हणतो तेव्हा नुसते ओठ हलतात, आणि मावशी ते रुमालाने पुसते. लघवी झालीच तर काळ्या चहासारखी, आणि आग अशी होते की ठेवणीतल्या शिव्या आठवतात. परवा तहानेने डोकं गरगरलं आणि कधी नव्हे तो फुटलेला आवाज मी चिरंजीवांना माझा धाकटा भाऊ समजून हाक मारण्यात घालवला. झालं! बाबांना भ्रम झाला. डॉक्टरांशी फोनवरच बोलणं उरकलं. उद्यापासून मला शांत ठेवणारी गोळी सुरू. मग ओठसुद्धा हलायचे नाहीत.

संध्याकाळी माझी थोरली बहीण काठी टेकत आली, हातात फुलांचा गुच्छ घेऊन. मला पावडर थापून सोफ्यावर बसवलं होतं. "आत्या, रात्रभर कोरडे असतात हो," सूनबाई माझ्यादेखतच सांगत होती. शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलाबद्दल आई बोलते, तसा तिचा सूर होता. सांगता सांगता तिने काचेचं एक भांडं पाण्याने काठोकाठ भरून आणलं, गुच्छ त्यात ठेवला आणि ते माझ्यासमोरच्या टीपॉयवर मांडलं.

"पाणी नसलं की बिचारी लगेच माना टाकतात," ती म्हणाली.

मी फुलं उपसून खाली टाकली. भांडं दोन्ही हातांनी तोंडाला लावलं. अर्धं पाणी शर्टावर सांडलं, उरलेलं मी घटाघटा प्यालो. देठांची कडवट, बुळबुळीत चव घशाखाली उतरली, आणि ती मला आवडली.

"शी!" सूनबाई किंचाळली.

"बघितलंत ना, आत्या? गोळी आजच द्यायला हवी," चिरंजीव म्हणाले. मावशी धावली ती माझा पायजमा चाचपायला.

"याला पाणी कधी दिलं होतं?" ताईने विचारलं.

"सकाळीच की. गोळीपुरतं," मावशी अभिमानाने म्हणाली.

"मग भ्रम कसला? तहान लागलीय त्याला! गोळीबिळी काही द्यायची नाही." ताई स्वतः उठली, आतून पेला भरून आणला आणि माझ्या तोंडाला लावला. "सावकाश पी," म्हणाली.

"अहो आत्या, पण सगळं ओलं होईल ना!" सूनबाई कळवळून म्हणाली. आणि तो कळवळा खरा होता, सोफ्यासाठी.