तसबिरीमागचा चौकोन

कार्निव्हलच्या नाचाचा सराव करताना पेटत्या मेणबत्त्यांची जुडी उंच धरून यारेलिसने अशी काही झोकात गिरकी घेतली, की बैठकीच्या भिंतीवर हातभर काजळी ओढली गेली!

"मेलीस तू," तिची मैत्रीण कैला म्हणाली.

नोएमीमावशीने बजावलंच होतं: घरात मेणबत्ती पेटली, तर शनिवारी कार्निव्हलमध्ये नाचणं बंद. आणि मावशी बाजारातून आता येतच असणार.

परसात रंगाचे दोन उरलेले डबे होते. एक हाडाच्या रंगाचा, एक हस्तिदंती. पण भिंतीला लावलेला कुठला?

"दोन्ही दुधासारखेच दिसतायत गं!"

"ओले आहेत म्हणून. वाळू दे."

पुठ्ठ्यावरचे दोन ठिपके त्यांनी पंख्यासमोर वाळवले. ऊन येऊ नये म्हणून खिडक्या बंदच होत्या. त्या अंधारात डावा ठिपका भिंतीला लावून कैला म्हणाली, "अगदी जुळला!" यारेलिसने भराभर ब्रश फिरवला, पंखा लावला. काजळी गायब!

"आता हा वास घालवू," म्हणत कैलाने खिडकी उघडली. ऊन आत आलं, आणि भिंतीवर पिवळट पट्टा उठून दिसायला लागला.

"बावळट, अंधारात रंग जुळवतात का?"

"तूच म्हणालीस ना, जुळला!"

फाटक वाजलं. यारेलिसने भिंतीवरची येशूची तसबीर काढली आणि पट्ट्याच्या वर, कॅलेंडरच्या रिकाम्या खिळ्याला अडकवली. मागे वळली, तर तसबिरीच्या जागी तस्साच पिवळट चौकोन! आधीच्या खेपेचा हस्तिदंती. दर डिसेंबरात सगळी गल्ली घरं नव्याने रंगवते, आणि मावशी गल्लीभर मिरवते, "मी देवामागची भिंतसुद्धा सोडत नाही!"

मावशी आत आली. मागोमाग शेजारची एदुविना, कॉफीला. मावशीची नजर चौकोनावर गेली. पिशवी तिथेच टाकून ती चौकोनाला पाठ टेकून उभी राहिली.

"एदुविना, बाहेर ओट्यावरच बस गं. वारा काय सुटलाय!"

एदुविना बाहेर गेली. मावशीने तसबीर उचलली, पट्टा पाहिला, हवा हुंगली.

"मेणबत्त्या?"

यारेलिस पुढे झाली. "हो मावशी. मीच."

"नोएमी, आत येऊ का गं?" बाहेरून हाक आली.

"नको!" तिघी एकदम ओरडल्या.

मावशीने दार लोटलं. मग हळूच म्हणाली, "हाडाच्या रंगाचा डबा आण. दोन्ही रंगव. शनिवारी नाच, पण सराव परसात. आणि हा चौकोन..."

"कुठला चौकोन?" यारेलिसने ब्रश उचलला.